फायनलवर नजर कुठे हवी?

इंजिनाच्या विमानात उतरणं जमत नाही असं वाटलं, तर थ्रॉटल पुढे ढकलून पुन्हा फेरी मारता येते. ग्लायडरला, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाला, ती मुभा नाही. म्हणून अपघात समजून घेताना पहिला प्रश्न चाक जमिनीला कसं टेकलं हा नसतो. त्याआधी, डाउनविंडवर (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर, वाऱ्याच्या दिशेने जाण्याच्या टप्प्यावर), वैमानिकाचं लक्ष कशात अडकलं होतं, हे आधी विचारायचं.

अप्रोचचा, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येण्याचा, वेग तिथेच ठरवून टाका. स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमानाला तोलून धरू शकत नाहीत) गुणिले 1.3, त्यात वाऱ्याचा निम्मा वेग मिळवायचा. स्टॉल 38 नॉटला आणि वारा 16 नॉटचा असेल, तर साधारण 57 नॉट. निम्मा वारा यासाठी, की जमिनीजवळ वारा मंदावतो आणि त्याबरोबर तुमचा हवेतला वेगही झपकन उतरतो.

सगळ्यात घातक जागा म्हणजे शेवटचं वळण, बेसवरून (धावपट्टीला काटकोनातल्या टप्प्यावरून) फायनलवर (धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर) येतानाचं. बेसवर वारा पाठीमागून असला, की ग्लायडर धावपट्टीची रेषा ओलांडून पुढे जातं. उंची समजा 250 फूट. जमीन इतकी जवळ दिसते की बँक (पंखांचा कल) वाढवायला मन धजत नाही, म्हणून पाय वळणाच्या आतल्या बाजूच्या रडरवर (शेपटीचं सुकाणू फिरवणाऱ्या पेडलवर) दाब देतो. नाक खाली जायला लागतं, म्हणून हात स्टिक मागे ओढतो. आतला पंख मंदावतो, आधी तोच स्टॉल होतो आणि स्पिन (गरगरत कोसळणं) सुरू होतो; सावरायला खाली जागाच उरलेली नसते. हे घडत असताना नजर बहुतेक वेळा धावपट्टीला चिकटलेली असते. पुढे कॅनोपीवरचा (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावरचा) हवेचा रोख दाखवणारा दोरा सांगत असतो: त्याचं मोकळं टोक वळणाच्या आत झुकलंय, आतला पाय सैल करा. तो बघणारं कोणी नसतं.

म्हणून वळताना नाक आणि क्षितिज, वेग, दोरा, पुन्हा नाक, असं नजरेचं चक्र चालू ठेवा. रेषा ओलांडली गेली तर जाऊ द्या, तिरकं उतरा. उंची राखून घेतलेल्या वळणात 45 अंशांच्या बँकला 38 नॉटचा स्टॉल 45 वर जातो, 60 अंशांना 54 वर. वळण 300 फुटांच्या वर पुरं झालं पाहिजे.

फायनलवर उतरण्याचा बिंदू निवडा. तो कॅनोपीत वर सरकला तर तुम्ही अलीकडे पडणार, नाकाखाली सरकला तर पलीकडे जाणार. शेतात उतरताना अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या यंत्रावर) विसंबू नका. हडपसरला शून्य लावून निघालात आणि दिवे घाटापलीकडे सासवडकडे उतरायची वेळ आली, तर तिथली जमीनच काही शे फुटांनी वर आहे. तिथे उतरण्याचा बिंदू ज्या कोनात दिसतो, तो कोनच खरा.

चाकाच्या आणि एअरब्रेकच्या (पंखावर उघडणाऱ्या, उतरायला मदत करणाऱ्या पात्यांच्या) लिव्हरच्या चुका मला जास्त अस्वस्थ करतात, कारण त्या सहज टाळता येतात. लाँचनंतर चाक आत घ्यायचं राहून गेलं, तर डाउनविंडवर सवयीने लिव्हर ओढणारा वैमानिक ते नेमकं आत घेतो. लिव्हर हलवली म्हणजे तपासणी झाली असं नाही. शेजारची खूण वाचा. रेडिओमुळे तपासणी मध्येच तुटली, तर पहिल्यापासून सुरू करा. एअरब्रेकऐवजी चाकाची लिव्हर पुढेमागे करत धावपट्टी संपवणारेही असतात. एअरब्रेकची निळी मूठ धरा, ओढा आणि पंखावर पाती वर आली का ते मान वळवून बघा.

आणि एअरब्रेक उघडताच चाक बाहेर नसल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला, पण उंची 100 फूटच उरली असेल, तर त्याला वाजू द्या. चाक काढायला एअरब्रेकवरचा हात सुटतो, कधी स्टिकचा हातही बदलावा लागतो, नाक वरखाली होतं आणि ग्लायडर आपटतं. पोटावर नीट टेकवलेल्या ग्लायडरला बहुधा खरवडल्याच्या खुणा पडतात. आपटलेल्या ग्लायडरमध्ये वैमानिकाचा मणका मोडतो.