पुस्तकांच्या पेटीचा माग: लूवेस्टाइन ते वालवाइक

हा नेदरलँड्समधला लूवेस्टाइनचा किल्ला. उत्तरेला वाल नदी, पश्चिमेला मास. दोघींच्या संगमानंतर नाव बदलतं, मेरवेडे. डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस जन्मठेप भोगायला 1619 मध्ये इथे आले आणि 22 मार्च 1621 रोजी पुस्तकांच्या पेटीत लपून निसटले. 1609 मध्ये समुद्र सर्वांना खुला आहे असं मांडून, गोव्यातून पूर्वेचा व्यापार राखणाऱ्या पोर्तुगिजांचा मक्ता नाकारणारे ते हेच. त्यांच्या सुटकेची वाट आपण सायकलने धरायची.

बेत पत्नी मारिया यांचा. समोरच्या खोरिंखेम गावातून पुस्तकं पेटीने येत, वाचून झाली की परत जात. पहारेकऱ्यांनी हळूहळू पेटी तपासणं सोडलं. मारियांनी पतीकडून आत निश्चल पडून राहण्याचा सराव करून घेतला. किल्ल्याचा अधिकारी बाहेरगावी आहे, असा दिवस निवडला. बोटीत पेटीसोबत होती मोलकरीण एल्स्ये. या सुटकेचं निम्मं श्रेय तरी तिचं आहे.

सायकलस्वाराने सुरुवात किल्ल्यापासूनच करावी. आधी छोट्या फेरीबोटीने वाउड्रिखेम, तिथून दुसरीने खोरिंखेम. छोटी बोट फक्त पर्यटनाच्या मोसमात चालते आणि पूर आला की धक्काच पाण्याखाली जातो, म्हणून वेळापत्रक त्याच आठवड्यात पाहा. ती बंद असेल तर गीसनजवळच्या पुलावरून वळसा पडतो. दोन्ही गावांत विटांचे रस्ते आहेत. 35 ते 40 मिलिमीटरचे टायर असले की हादरे कमी बसतात.

खोरिंखेमला डाटसेलार कुटुंबाच्या घरी पेटी उघडली. ग्रोशियस गवंड्याच्या वेशात, हातात मोजपट्टी घेऊन, नदीच्या दक्षिण काठाला गेले. आपण स्लेवाइकची फेरीबोट धरायची.

इथून आल्मकेर्क, मेउवेन आणि ड्रोंगेलेन अशी वाट. वालवाइकपर्यंत वीसेक किलोमीटर, चढ नाहीच म्हणा. दमवतो तो वारा. इथे तो बहुतेकदा नैर्ऋत्येचा, म्हणजे दक्षिणेला जाताना उजव्या अंगाने समोरून. पूर अडवणाऱ्या बांधाच्या माथ्यावर आडोसा नसतो. हलका गिअर ठेवा. बांधावर चढणारा उतार आखूड पण तीव्र असतो, गिअर पायथ्याशीच बदलावा, ऐन चढावर जोर देऊन बदलला तर साखळी उतरते. नदीकाठच्या कुरणांत जनावरं अडवायला जमिनीत लोखंडी पाइपांची जाळी असते. ती काटकोनात, हँडल न वळवता, ब्रेक न दाबता ओलांडा. ओल्या पाइपांवर तिरकं चाक हमखास घसरतं.

बांधावरचा रस्ता मध्येच अर्धवर्तुळ घेतो आणि कुशीत खोल, गोल तळं दिसतं, तिथे थांबाच. एकेकाळी बांध तिथे फुटला. पाण्याच्या लोंढ्याने इतका खोल खड्डा पाडला की तो भरण्याऐवजी नवा बांध त्याला वळसा घालून रचला. या मुलुखाचा इतिहास वाचायला यापेक्षा चांगली जागा नाही.

ड्रोंगेलेनला येते बेर्गसे मास. ही नदी ग्रोशियसना आडवी आली नव्हती, कारण तेव्हा ती नव्हतीच! वाल आणि मास यांचे पूर एकमेकांत मिसळून हा भाग बुडायचा, म्हणून मासला समुद्राकडे वेगळी वाट खोदून दिली. ती 1904 मध्ये खुली झाली आणि जुन्या पात्राला बांध घातला. त्यामुळे किल्ल्यापाशी दिसणारी मास आज जवळजवळ स्थिर आहे. नव्या पात्राने गावांचे रस्ते तोडले, म्हणून इथली फेरीबोट मोफत आहे.

पलीकडे वालवाइक. ग्रोशियस इथून स्पॅनिश अमलातल्या अँटवर्पला आणि पुढे पॅरिसला गेले. युद्ध आणि शांततेच्या कायद्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ तिथेच 1625 मध्ये छापला गेला. वालवाइकला रेल्वे स्टेशन नाही. परतीची गाडी डेन बॉशहून मिळते. तिथवर आणखी साधारण 17 किलोमीटरचं बळ आणि दिवसाचा उजेड हाताशी ठेवा.