समईतलं तेल आणि चार नंबरचा झोन

श्रोतेहो, नमस्कार.

मी अलार्म बसवणारा माणूस. गिऱ्हाईक इंजिनिअर म्हणतात, कागदावर मी आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. कोल्हापुरातल्या गुजरीतली सराफी दुकानं, हुपरीतले चांदीचे कारखाने, आसपासच्या पतसंस्था, एवढ्याच टापूत माझी पंचवीसेक वर्षं गेली. आज बोलतोय ते एका चुकीबद्दल. चूक माझीच आहे.

कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एका सराफी दुकानात आम्ही नवं पॅनेल, म्हणजे अलार्मची मुख्य पेटी, बसवलं, आणि चौथ्याच रात्री मालकांच्या घरचा फोन वाजला. तेव्हा मोबाईल सर्रास नव्हते. पॅनेलला ऑटो डायलर जोडलेला असायचा, तो लँडलाईनवर रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवायचा. मालक धावत आले, शेजारी जागे झाले, भोंगा आख्खी गल्ली डोक्यावर घेऊन बसलेला. आत कोणीच नाही. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही तेच. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. यापुढं भोंगा वाजला तर शेजारी कूस बदलणार, बस्स.

मी गेलो. चार नंबरचा झोन, म्हणजे दुकानाच्या मागच्या भागातल्या सेन्सरची लाईन, बोंबलतोय एवढं दिसलं. सेन्सर बदलला, तरी रात्री पुन्हा तेच. मग मी जे केलं ते सांगायला आजही जीभ अडखळते. कीपॅडवर चार बटणं दाबून मी तो झोन बायपास केला, म्हणजे पॅनेलनं त्याच्याकडं बघूच नये असं केलं, आणि मालकांना म्हटलं, “झालं काम, आता काही त्रास नाही.” त्रास नव्हताच. दुकानाचा मागचा अर्धा भाग आंधळा झाला होता.

चार दिवसांनी वस्तादांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांनी, सहज विचारलं, “काय निघालं रे तिथं?” मी गप्प. त्यांना कळायचं ते कळलं. रागावले नाहीत. म्हणाले, “वाजायचं किती वाजता?” हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. अडीचच्या आसपास, तिन्ही-चारी रात्री.

इथं थोडं तांत्रिक सांगतो. कोपऱ्यात बसवलेली सेन्सरची पांढरी डबी, जिला आम्ही पीआयआर म्हणतो, ती स्वतः काहीच बाहेर सोडत नाही. ती फक्त उष्णता बघते. पुढच्या प्लास्टिकच्या भिंगामुळं खोलीच्या तिला फाकी पडल्यासारख्या दिसतात, आणि गरम वस्तू एका फाकीतून दुसरीत गेली की ती वाजते. त्यामुळं आडवा जाणारा माणूस तिला चटकन दिसतो, सरळ तिच्याच अंगावर चालत येणारा उशिरा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हवाच माणसाच्या अंगाइतकी तापते, तेव्हा साध्या डबीला माणूस आणि हवा यांतला फरक समजेनासा होतो. आणि पाल! भिंगावरून पाल गेली, तर डबीच्या लेखी तो पैलवान असतो.

तर झोन पुन्हा चालू करून वस्ताद त्या रात्री दुकानात स्टुलावर बसले, मी जमिनीवर. समोर देव्हारा, त्यात समई. मालक साडेआठला दुकान वाढवताना तेल घालून जायचे. अडीचला पाच-दहा मिनिटं असताना तेल संपत आलं, ज्योत लांब झाली, फडफडली, आणि भोंगा सुरू. वस्ताद हसले. “देव हलवायचा नाही,” म्हणाले, “डबी हलवायची.” बाजूच्या भिंतीवर सात फुटांवर घेतली, देव्हारा तिच्या नजरेबाहेर. पुन्हा कधी वाजली नाही.

पण सकाळी त्यांनी मला एकट्याला मालकांकडं पाठवलं. चार रात्री झोन बंद होता, तो मी बंद केला होता, आणि तुम्हाला खोटं बोललो होतो, हे माझ्याच तोंडून सांगायला लावलं. मालक काही बोलले नाहीत. कीपॅडपाशी गेले, कोड बदलला. बदलताना मी तोंड फिरवून उभा राहिलो. ती सवय तेव्हापासूनची आहे.

आमच्या धंद्याची गोम हीच, की आमचं खरं काम कुणाला दिसत नाही. उदाहरण देतो. प्रत्येक वायरीच्या शेवटी एक रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक विरोध करणारा छोटा तुकडा, लावायचा असतो, रुपया-दोन रुपयांचा. पॅनेल वायरीतला हा विरोध सतत मोजत असतं. कोणी वायर तोडली किंवा दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या, तरी आकडा बदलतो आणि पॅनेलला समजतं. हा रेझिस्टर लांब, सेन्सरच्या डबीत लावायला शिडी, घाम, अर्धा तास लागतो. म्हणून कित्येक जण तो पॅनेलच्या पेटीतच लावतात. दिवे तेच लागतात, भोंगा तसाच वाजतो, बिलही तेवढंच. मात्र वाटेत कोणी तारा जोडल्या, तर पॅनेल सुखानं झोपून राहतं. अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी 1853 साली विजेच्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. त्यात दार उघडलं की सर्किट जुळायचं आणि घंटा वाजायची. तार कापली की मुकी. तारेशी कोणी खेळलं तर कळावं म्हणून इतक्या वर्षांत जो खटाटोप झाला, तो सगळा हा आळस एका मिनिटात मातीत घालतो.

तसंच बॅटरीचं. बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची ती काळी वीट. मीटर लावला तर मेलेली बॅटरीसुद्धा तेरा व्होल्ट दाखवते, कारण चार्जर मागून ढकलत असतो. खरी परीक्षा एकच, प्लग काढायचा आणि भोंगा वाजवायचा. दम असेल तर ओरडतो, नसेल तर मांजरासारखा कण्हतो. सर्व्हिस रिपोर्टवर ‘बॅटरी ओके’ लिहायला मात्र प्लग काढावा लागत नाही, पेन पुरतं.

हल्लीची पोरं माझ्यापेक्षा हुशार आहेत, हे मान्य. ॲप, कॅमेरा, वायफाय, सगळं तोंडपाठ. पण काम झालं की पॅनेलसोबत फोटो काढून स्टेटसला टाकतात, आणि मागं तिजोरी दिसत असते! कोणत्या दाराला सेन्सर नाही, भोंग्याची वायर कुठून जाते, हे गिऱ्हाइकाच्या बायकोलाही माहीत नसतं, ते आम्हाला माहीत असतं. कुंपणानंच शेत खायचं ठरवलं, तर फिर्याद कुणाकडं करायची? मी वायरिंगचा नकाशा कागदावर काढतो आणि मालकांच्या हातात देतो. माझ्याकडं प्रत ठेवत नाही. दुरुस्तीच्या वेळी त्यापायी तासभर जास्त जातो, जाऊ दे.

ते सराफी दुकान आजही माझ्याकडं आहे. थोरले मालक आता गल्ल्यावर बसत नाहीत, पण तिमाही तपासणीच्या दिवशी काठी टेकत येतात. मी रिपोर्ट पुढं करतो. ते आधी वाकून भिंतीतला प्लग काढतात, भोंगा पूर्ण वाजू देतात, मग चष्मा लावून सही करतात.

नमस्कार.