गर्दी गल्लीत नाही, गल्लीच्या तोंडाशी

(सोलापुरात ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्या रांगेतल्या आजोबांची चिठ्ठी आलीय: "उजव्या गुडघ्याच्या वाट्या बदलल्यात. आता यकृतातली गाठ करंट देऊन जाळायची म्हणतात. गुडघा तापून पाय भाजेल का?" लिहून आणलेलं भाषण राहू द्या, आज या चिठ्ठीवरच बोलू.

गाठीत सुई घालून साधारण ५०० किलोहर्ट्झचा प्रवाह सोडतात. घरची वीज ५० हर्ट्झची, म्हणून झटका बसतो. इतक्या भराभर दिशा बदलणारा प्रवाह स्नायूला झटका देत नाही, पेशींतल्या क्षारांना नुसतं घुसळतो. त्यातून उष्णता होते. साठ अंशांवर पेशी जागच्या जागी मरते. शंभराच्या वर गेलं तर सुईभोवतीचं करपतं आणि प्रवाहच अडतो. कडक भाकरी करणाऱ्या आमच्या बायकांना हे सांगायला नको: आच मंदच हवी.

आता धातू. टायटॅनियममधून वीज मांसापेक्षा लाखो पटींनी सहज वाहते, त्यामुळे प्रवाहानं धातू स्वतः फारसा तापत नाही. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर गर्दी तुंबलीय आणि मधेच एक मोकळी गल्ली दिसली, तर काय होतं? सगळे तिकडे वळतात. गल्लीत आरामात चालता येतं, रेटारेटी होते ती दोन्ही तोंडांशी. तसं धातूच्या टोकाशी, कडेला प्रवाह दाटतो आणि तिथलं मांस तापतं. सुईच पाठीच्या मणक्यातल्या स्क्रूला टेकली, तर अख्खा स्क्रूच सुई होऊन बसतो.

अंतरानं मात्र जोर झपाट्यानं ओसरतो. सुईचं टोक बिंदू धरलं, तर दुप्पट अंतरावर तापणं सोळाव्या हिश्श्यावर येतं.

मग काळजी कशाची? परतीच्या वाटेची. प्रवाह बाहेर पडतो तो मांड्यांवर चिकटवलेल्या प्लेटांतून. यकृत ते मांडी या वाटेत आजोबांचा गुडघा येतच नाही, तो प्लेटेच्या पलीकडे, पावलाच्या बाजूला राहतो. खुबा बदललेला असेल तर तो बरोबर वाटेत येतो, मग प्लेट दुसरीकडे लावावी लागते. आणि मे महिन्यातली आपली घामेजलेली, केसाळ मांडी! प्लेटेचा एक कोपरा सुटला, की तेवढाच प्रवाह कमी जागेतून जातो आणि कातडी भाजते. वाटीपेक्षा मला या कोपऱ्याची जास्त भीती वाटते.

गाठ मारायची दुसरी पद्धत ३००० व्होल्टपर्यंतच्या, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या विजेच्या ठोक्यांची. यात पेशी मारायचं काम उष्णतेचं नाही, विद्युतक्षेत्राचं. 'बिनउष्णतेची' म्हणून ती खपवतात. माझ्या मते हे नाव जरा उदारच आहे, कारण सुयांजवळ तापतंच. पित्तनलिकेत धातूची जाळी असेल, तर जाळीच्या कडेला तापणं वाढू शकतं. उलट जाळीला लागून विद्युतक्षेत्र फिकं पडतं, म्हणजे तिथल्या गाठीच्या पेशी जिवंत राहू शकतात. भाजणं निदान दिसतं, हे दिसत नाही.

पेसमेकर कुणाला आहे? दोन हात वर. तुमचा प्रश्न तापण्यापेक्षा फसगतीचा आहे: या प्रवाहालाच ती पेटी हृदयाचा ठोका समजू शकते आणि स्वतः गप्प बसते. त्यावर चहानंतर बोलू.