शिवणीतली माया आणि इंजिनातली चिप

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेवर आजचा विषय ‘जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये चिप कशी बसवावी’ असा छापला आहे आणि त्या ‘कशी’कडे मी येणारच आहे, परंतु ती बसवून नेमके काय पदरात पडते याविषयी जो भ्रम पसरवला गेला आहे, त्याचा समाचार घेतल्याखेरीज मला पुढे जाववत नाही. जाहिरात सांगते की कारखान्याने इंजिनाची ताकद कोंडून ठेवली होती आणि ही चिप तिला मोकळी करते. माझे म्हणणे असे की शिंपी शिवणीत ठेवतो तशी कारखान्याने माया ठेवली होती, आणि चिप विकणारा तुमचीच माया उसवून तुम्हाला विकतो. उसवायला माझी हरकत नाही. फक्त कापड अजून धड आहे का, हे आधी पाहावे.

येथे जमलेल्या बहुतेकांना मोट्रॉनिक ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. बॉशची ही प्रणाली 1979 मध्ये बीएमडब्ल्यू 732आय या गाडीतून बाजारात आली आणि इंधन व ठिणगी या दोन्हींचा कारभार एकाच इलेक्ट्रॉनिक पेटीकडे गेला. पोर्शे 944 च्या सुरुवातीच्या पेटीतली चिप 24 पायांची असून तिच्यात 4096 बाइट मावतात; पुढच्या वर्षांतल्या चिपा 28 पायांच्या आहेत. त्या चिपेत तक्ते असतात. एका अंगाला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या अंगाला भार, आणि प्रत्येक घरात 0 ते 255 मधली एक संख्या. चिप बदलणे म्हणजे या संख्या बदलणे. चिपेत घोडे भरलेले नसतात. (हे वाक्य हशासाठी होते, असो.)

आता ज्या गोष्टीसाठी मला व्याख्यानाला बोलावू नये असे माझे मित्र सुचवतात, ती गोष्ट सांगतो. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांनी आपल्या जुन्या 944 मध्ये चिप बसवली आणि गाडी अक्षरशः पालटली. चढावर ओढ वाढली, मधला अडखळ गेला, आणि पुढे कित्येक आठवडे भेटेल त्याला ते चिपेचे गुणगान ऐकवत राहिले. मी त्यांना एवढेच सुचवले की एकदा मूळ चिप परत लावून पाहा. त्यांना तो चिपेचा अपमान वाटला, पण अखेर त्यांनी ती लावली. आणि गाडी तशीच छान चालू राहिली! झाले होते असे की चिप बदलण्यासाठी पेटीचा 35 पिनांचा जोड ओढून काढावा लागतो, तो काढताना आणि परत बसवताना पिनांवर वर्षानुवर्षे चढलेला गंज घासला गेला आणि शीतकाच्या तापमान-सेन्सरची वाट मोकळी झाली. हा सेन्सर थंड असताना जास्त रोध दाखवतो. साहजिकच जोडातल्या गंजाने वाढवलेला रोध पेटीला ‘इंजिन अजून गार आहे’ असाच वाटत होता आणि ती तापलेल्या इंजिनाला मुकाट्याने जादा पेट्रोल पाजत होती. गृहस्थांनी मूळ चिप काढून पुन्हा नवीच बसवली, हे मुद्दाम सांगतो. पैसे दिलेल्या वस्तूवर माणसाची श्रद्धा बसते आणि फुकट झालेल्या सफाईवर ती बसत नाही, याचे शास्त्रीय स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही.

माझी तक्रार या गृहस्थांविषयी नाही, तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन आलेख छापून मधल्या काळात आणखी काय काय बदलले ते न सांगणाऱ्यांविषयी आहे. डायनोवरच्या, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच्या, दोन मोजण्यांत हवेचे आणि इंजिनाचे तापमान वेगळे असले, तरी आकडे हलतात. ज्या इंजिनाला टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा, नाही, त्यात चिपेने मिळणारी वाढ थोड्याच टक्क्यांची असते, म्हणजे अशा चढउतारात सहज बुडून जाईल एवढीच.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. तेव्हा वेग वाढवतो.

ही माया कशासाठी असते? हवा आणि पेट्रोलचे मिश्रण पूर्ण पेटायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते. ती जितकी आधी, तितका एका मर्यादेपर्यंत जोर अधिक. पण फार आधी पडली तर उरलेले मिश्रण दाबाने आपोआप भडकते आणि नॉक सुरू होतो. हलके पेट्रोल, रणरणता उन्हाळा आणि काजळी धरलेले इंजिन या सर्वांचा विचार करून कारखाना ठिणगी थोडी मागे ठेवतो. पहिल्या 2.5 लिटर 944 ला नॉक सेन्सरच नव्हता. त्यामुळे तिथे चूक झाली तर सावरणारे कोणी नाही. शिवाय चिप सर्व काही बदलू शकत नाही. त्याच इंजिनाची युरोपातली आवृत्ती 163 अश्वशक्तीची होती, तर अमेरिकेतली 143 ची, आणि या फरकामागचे एक मोठे कारण 10.6 विरुद्ध 9.5 हे संपीडन-गुणोत्तर, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, होते. ते धातूत कोरलेले असते. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत पेडल अर्धे दाबलेले असताना सेन्सर मिश्रण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल याच प्रमाणाकडे ओढतो. तेथे चिप मुख्यतः ठिणगीपुरतीच बोलते. टर्बोची गोष्ट वेगळी: 944 टर्बोत नॉक पाहणारी दुसरी पेटी आहे, दोन्हींच्या चिपा बदलून बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, वाढवता येतो आणि फरक खरोखर मोठा पडतो, मात्र कारखान्याने स्वतः 220 वरून 250 अश्वशक्ती गाठली तेव्हा टर्बोही मोठा बसवला होता, हे विसरू नये.

आता बसवणे. प्रथम जोड, व्हॅक्यूमच्या नळ्या, प्लग, इंधनाचा दाब आणि सेन्सर ठीक करावेत, मग मूळ चिपेवरच मोजणी घ्यावी. बॅटरीची ऋण तार सोडावी, पेटी उघडण्याआधी अंगातली स्थिर वीज धातूला स्पर्श करून उतरवावी. चिपेवरची खाच कोणत्या बाजूला आहे ते टिपून ठेवावे, कारण उलटी बसलेली चिप बहुधा जळते. दोन्ही टोकांनी आळीपाळीने थोडी थोडी उचलावी, एका बाजूने उपटू नये. चिपेच्या खिडकीवरचा स्टिकर काढू नये. अतिनील प्रकाशाने आतला मजकूर पुसला जातो. नंतर चिपेला लागते त्याच ऑक्टेनचे पेट्रोल भरून, पेडल पूर्ण दाबून मिश्रणाची मोजणी करावी आणि नॉकचा कानोसा घ्यावा. मूळ चिप नाव लिहून जपून ठेवावी, प्रदूषण-तपासणीच्या वेळी तीच लागेल. ज्यांच्या पेटीत सॉकेट नसून चिप थेट झाळलेली आहे, त्यांनी प्रश्नोत्तरांनंतर मला भेटावे. ते दोन मिनिटांत सांगण्यासारखे नाही.