दुखणं जुनं असलं तरी आजचंच असतं

मंडळी, मिरजेत वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली इस्पितळ सुरू केलं, तेव्हापासून आपल्या भागाला दवाखाना नवा नाही. कर्नाटकातूनसुद्धा पेशंट इथं येतात. तरीही जुनाट दुखण्याचा माणूस रात्री कॅज्युअल्टीत आला की त्याचं काय होतं, यावर कुणी बोलत नाही. मी तिथं सिस्टर म्हणून नोकरी केली, म्हणून बोलते.

कवठेमहांकाळकडची एक बाई यायची. स्वादुपिंडाची जुनी सूज. दारू तर तिनं कधी पाहिलीही नव्हती, पण हा आजार म्हटलं की पहिला प्रश्न तोच. एका रात्री दीर तिला घेऊन आला. बाई स्ट्रेचरवर झोपेना. गुडघे पोटाशी घेऊन पुढं वाकून बसली, कारण त्या दुखण्यात तसंच बरं वाटतं. डॉक्टरांना म्हणाली, ‘‘साहेब, डायक्लोफेनॅकनं राहत नाही, ट्रामाडॉल द्या.’’ झालं! ट्रामाडॉल म्हणजे अफूच्या जातीचं, सवय लावू शकणारं वेदनाशामक. त्याचं नाव तोंडात आलं आणि संशय आला. नाडी ठीक, रक्तातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंड सुजलं की वाढणारा पाचकरस, नॉर्मल. केसपेपरवर लिहिलं गेलं, ‘इंजेक्शन मागते’. आता, वर्षानुवर्षं सुजून ग्रंथी निकामी झाली की अमायलेज वाढतच नाही, आणि रोज दुखणाऱ्याची नाडी दर वेळी धावत नाही. पण ते दोन शब्द पुढच्या प्रत्येक शिफ्टनं वाचले. बाईला पहाटेपर्यंत बाकावर बसवलं. दीर आवाज चढवायला लागला, तेव्हा वॉचमनला बोलावलं. बाई मात्र गप्प होती. ओरडलं तर नाटक म्हणतात आणि गप्प बसलं तर दुखत नाही म्हणतात, हे तिला पाठ झालं होतं. याचा मला आजही राग येतो.

त्या डॉक्टरांचीही बाजू आहे. त्याच वेळी ऊसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला पोरगा आत होता, पलीकडे साप चावलेली म्हातारी. रेसिडेंट आदल्या सकाळपासून उभा. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आलंय, हिशेब द्यावा लागतो. सवय लागलेली माणसंही येतात, हे खरं आहे. आणि नातेवाईक अंगावर येतात म्हणून २०१० साली राज्याला कायदा करावा लागला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. मुख्य मुद्दा भरभर सांगते.

तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला आता आजारांच्या जागतिक यादीत स्वतःची जागा आहे. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली व्याख्या सुधारताना म्हटलं, की पेशंट दुखतंय म्हणतो त्याचा मान ठेवा. म्हणून माझं मागणं एका कागदाचं आहे. नेहमीच्या डॉक्टरांनी सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावं: आजार कोणता, रोजच्या गोळ्या कोणत्या, दुखणं उसळलं तर काय आणि किती द्यायचं, काय चालत नाही, फोन कुणाला करायचा. कॅज्युअल्टीनं आधी एवढंच विचारावं, ‘‘रोजच्यापेक्षा आज वेगळं काय?’’ ताप, कावीळ, रक्ताची उलटी असेल तर तपासण्या करा, जुनंच आहे म्हणून सोडू नका. नसेल तर कागदाप्रमाणे औषध द्या आणि सकाळी पेन क्लिनिकला पाठवा. केसपेपरवर स्वभाव लिहू नका, लक्षणं लिहा.

घरच्यांनी कागद आधार कार्डाबरोबर ठेवावा, औषध बदललं की नवा करून घ्यावा. नमुन्याच्या झेरॉक्स दाराजवळच्या टेबलावर आहेत, जाताना घेऊन जा.