पुढे कोण धावणार?

नमस्कार मंडळी. युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेतली महिलांची दहा हजार मीटरची शर्यत पहिल्यांदाच बघणारा माणूस सातव्या-आठव्या फेरीला हमखास विचारतो, "या एवढ्या निवांत का धावतायत?" प्रश्न रास्त आहे. एरवीच्या मोठ्या मीटमध्ये पेसमेकर असतात. ठरलेल्या वेगाने काही फेऱ्या पुढे धावायचं आणि मग बाजूला व्हायचं, एवढंच त्यांचं काम. अजिंक्यपदात ही सोय नाही. जी पुढे जाईल तिनेच वारा अंगावर घ्यायचा, वेगही तिनेच ठरवायचा, आणि मागच्या सगळ्या तिच्या आडोशाने आरामात येणार.

मागे राहणंही अगदी फुकट नसतं. घोळक्यात आतली कड मिळाली नाही आणि दुसऱ्या लेनमधून वळणं घ्यावी लागली, तर दर फेरीला साधारण साडेसात मीटर जास्तीचे पडतात. शिवाय कोपरं लागतात, बुटांचे खिळे म्हणजे स्पाइक्स लागतात. तरीही बहुतेक जणी मागेच राहतात, कारण शेवटच्या फेरीच्या घंटेनंतर पायात कोणाच्या काय उरलंय यावर पदक ठरतं.

पण जिच्याकडे ती शेवटची किक, म्हणजे अखेरची वेगवान धाव नाही, तिने काय करायचं? माझ्या मते या शर्यतीतली खरी गोष्ट तीच आहे.

ही शर्यत युरोपात आली १९८६ साली, श्टुटगार्टला. जागतिक अजिंक्यपदात ती १९८७ला आली आणि ऑलिंपिकमध्ये १९८८ला, म्हणजे दोन्हीकडे नंतर. श्टुटगार्टला नॉर्वेची इन्ग्रिड क्रिस्टियानसेन जिंकली. त्याच उन्हाळ्यात तिने ३०:१३.७४ असा विश्वविक्रम केला होता, त्यामुळे कोणाची वाट बघत बसायची तिला गरजच नव्हती. ती सुटली आणि एकटीच राहिली.

ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफचं तसं नव्हतं. १९९८ला बुडापेस्टच्या युरोपियन स्पर्धेत ती पाचवी आली. जिंकली आयर्लंडची सोनिया ओ'सुलिव्हन, आणि तीही आयुष्यातली पहिली दहा हजार मीटर धावताना! सिडनी ऑलिंपिकमध्ये पॉलाने फेऱ्यांमागून फेऱ्या आघाडी ओढली, शेवटी इथिओपियाची डेरार्टू टुलू निघून गेली आणि पॉला चौथी. पुढच्या वर्षी एडमंटनच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा चौथी. लोक म्हणू लागले, हिला वेग नाही, ही फक्त इतरांची सोय करते. मला हे बोलणं तेव्हाही खटकायचं. पुढे धावणं हा काही बावळटपणा नव्हता. तिच्याकडे तेवढं एकच हत्यार होतं, आणि ते पुरेसं धारदार झालेलं नव्हतं.

२००२मध्ये ते झालं. एप्रिलमध्ये लंडनला पहिलीच मॅरेथॉन, २:१८:५६. जुलैत मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पाच हजार मीटरचं सुवर्ण. आणि ६ ऑगस्टला म्युनिकच्या युरोपियन स्पर्धेतली दहा हजार मीटर. पाऊस पडत होता, ट्रॅक ओला होता. पॉला सुरुवातीलाच पुढे गेली आणि मागे राहिलेल्यांना तिने परत जवळ येऊ दिलं नाही. पहिले पाच हजार पंधरा मिनिटांच्या आत.

इथे थोडं गणित करू. पंचवीस फेऱ्या प्रत्येकी ७२ सेकंदांत धावल्या तर बरोबर ३० मिनिटं होतात. त्या दिवसापर्यंत तीस मिनिटांच्या आत धावलेली बाई जगात एकच होती, चीनची वांग जुनशिया, १९९३ साली. पॉलाची वेळ आली ३०:०१.०९. म्हणजे दर फेरीला सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी चुकलं! दुसरी कोण आली? तीच सोनिया, ३०:४७.५९. ही सोनियाची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ, तरीही ती अडीचशे मीटर मागे होती. एवढं अंतर असल्यावर किक असून उपयोग काय?

आता याच्या बरोबर उलट शर्यत. झ्युरिक, २०१४. ब्रिटनची जो पेव्ही, वय ४०, दुसरं मूल होऊन वर्षही झालेलं नव्हतं. शर्यत संथ झाली. पेव्ही घोळक्यात राहिली, शेवटाला निघाली आणि जिंकली. वेळ ३२:२२.३९. म्युनिकची पॉला त्याच ट्रॅकवर असती तर तिने रेषा ओलांडली तेव्हा पेव्ही सातशे मीटरहून जास्त मागे असती. पण पदक दोघींचं सोन्याचंच. मी पॉलाच्या बाजूचा माणूस आहे हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल, तरी पेव्हीच्या शर्यतीला कंटाळवाणी म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. चोवीस फेऱ्या पाय राखून ठेवायचे आणि तरीही योग्य जागी असायचं, हे कमी अवघड नाही.

आणि मोजायचंही असतं बरं का! २०१८ला बर्लिनमध्ये दहा हजार मीटर जिंकलेली इस्रायलची लोना सालपीटर त्याच स्पर्धेत पाच हजारला उतरली. ही शर्यत साडेबारा फेऱ्यांची, म्हणजे सुरुवात अंतिम रेषेच्या समोरच्या बाजूने आणि ती पहिली अर्धी फेरी हिशोबात घोळ घालते. सालपीटरने जोर लावून दुसरा क्रमांक गाठला, रेषा ओलांडली आणि शर्यत संपली असं समजून वेग सोडला. एक फेरी बाकी होती. कळल्यावर ती पुन्हा धावली, चौथी आली, आणि वर लेनच्या नियमभंगासाठी बाद ठरली.