होडी गव्हर्नरची, वल्ही कैद्यांची

[दृश्य : कॉर्नवॉलचा किनारा. धुकं. धक्क्याला बांधलेल्या मासेमारीच्या होड्या.]

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, फोई नावाचं छोटं बंदर आहे. तिथल्या एका खलाशाची मुलगी मेरी ब्रॉड. 1786 साली, ऐन विशीत, तिने आणखी दोघींच्या साथीने एका बाईला रस्त्यात गाठून लुटलं. हाती काय लागलं? एक रेशमी बॉनेट आणि थोडीफार चीजवस्तू. एक्झेटरच्या कोर्टाने फाशी सुनावली. मग दया दाखवून शिक्षा बदलली : सात वर्षं, सातासमुद्रापार.

काळं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंदमान येतं. पण ब्रिटिशांनी हा प्रयोग आधी स्वतःच्याच गरिबांवर केला होता. पूर्वी ते कैदी अमेरिकेत धाडत. अमेरिका स्वतंत्र झाली आणि ती वाट बंद पडली. तुरुंग भरले, तेव्हा जुनी, मोडकळीला आलेली जहाजं बंदरात उभी करून त्यांत माणसं कोंबली. मेरीही प्लिमथला अशाच एका जहाजावर होती.

[दृश्य : नकाशा. पोर्ट्समथहून निघालेली 11 जहाजं.]

13 मे 1787. सातशेहून जास्त कैदी घेऊन ताफा ऑस्ट्रेलियाकडे निघाला. मेरीच्या जहाजाचं नाव होतं शार्लट. वाटेत तिला मुलगी झाली. तिने तिचं नाव ठेवलं, शार्लट!

जानेवारी 1788 मध्ये ताफा आजच्या सिडनीजवळच्या बॉटनी बे या उपसागरात पोहोचला आणि फेब्रुवारीत मेरीने विल्यम ब्रायंटशी लग्न केलं. तोही कॉर्नवॉलचा, तोही कैदी, पण हाडाचा कोळी. वसाहत अन्नाला मोताद झालेली, त्यामुळे मासे पकडणाऱ्याला मान होता. सरकारी मासळी चोरून विकताना विल्यम सापडला आणि त्याला 100 फटके बसले. तरी होड्यांवरून त्याला काढला नाही. काढून चाललंच नसतं. पुढे सरकारला हे महागात पडलं.

1790 मध्ये वसाहतीचं सिरियस हे जहाज नॉरफोक बेटापाशी फुटलं. शिधा घटत चालला. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या ताफ्याने मरणपंथाला लागलेली माणसं उतरवली. मेरीच्या कडेवर आता इमॅन्युएल नावाचा मुलगाही होता. त्यात आणखी एक गोम. शिक्षा कधी संपते याची कागदपत्रं इंग्लंडहून आलीच नव्हती. सात वर्षं भरली, हे कैद्याने सिद्ध करायचं कसं? आणि केलं तरी घरी न्यायला जहाज कुठे होतं?

[दृश्य : रात्र. काळं पाणी, वल्ह्यांचा आवाज.]

विल्यमने एका डच कप्तानाकडून होकायंत्र, सूर्य-ताऱ्यांवरून ठिकाण मोजायचं क्वाड्रंट आणि बंदुका मिळवल्या. मार्च 1791 च्या अखेरीस ते डच जहाज बंदरातून बाहेर पडलं. आता पाठलाग करू शकेल असं एकही मोठं जहाज बंदरात उरलं नाही. त्याच रात्री गव्हर्नरची सहा वल्ह्यांची होडी नाहीशी झाली. होडीत आठ पुरुष, एक बाई, साडेतीन वर्षांची मुलगी आणि वर्षभराचं पोर.

[निवेदन थोडं थांबून]

69 दिवस. सुमारे पाच हजार किलोमीटर. वादळात सामान समुद्रात फेकायचं, टोप्यांनी पाणी उपसायचं, किनारा दिसला की कालवं आणि कासवं शोधायची. आणि एवढ्यात दोन लेकरं सांभाळायची. कप्तानगिरीचं श्रेय विल्यमला मिळतं, ते योग्यच आहे. पण अकराच्या अकरा जण जिवंत पोहोचले, त्यात मेरीचा वाटा किती, हे ज्याने उघड्या होडीत तान्हं मूल सांभाळलंय त्यालाच विचारावं.

5 जून 1791 रोजी ते आजच्या इंडोनेशियातल्या तिमोर बेटावर, डचांच्या कुपांग बंदरात पोहोचले. ‘आमचं जहाज फुटलं’ असं सांगितल्यावर डच गव्हर्नरने खाऊपिऊ घातलं. त्याला शंका का यावी? दोनच वर्षांपूर्वी, बाउंटी या ब्रिटिश जहाजावर खलाशांनी केलेल्या बंडानंतर, कप्तान ब्लाय असाच उघड्या होडीतून तिथे आला होता. शेवटी बिंग फुटलंच. आणि नशीब बघा : त्याच बंडखोरांना पकडून नेणारा एडवर्ड्स हा कप्तान, स्वतःचं जहाज प्रवाळात गमावून, नेमका कुपांगलाच आला. आता यांनाही साखळदंड पडले.

[दृश्य : बटाव्हियाचं जुनं चित्र.]

डिसेंबर 1791 मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, आधी इमॅन्युएल दगावला, मग विल्यम. तिघे पुरुष पुढच्या प्रवासात मेले. केप टाउनहून उरलेल्यांना गॉर्गन जहाजावर चढवलं. त्यावर वॉटकिन टेंच नावाचा अधिकारी होता, मेरीबरोबर शार्लट जहाजावरून आलेला. या लोकांकडे पाहताना दया आणि आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही, असं त्याने लिहून ठेवलं. मे 1792 मध्ये, भर समुद्रात, छोटी शार्लटही गेली. रोजनिशी लिहिणाऱ्या दुसऱ्या अधिकाऱ्याने तिची नोंद दोन ओळींत उरकली. देह समुद्रात सोडला.

[दृश्य : लंडन. न्यूगेट तुरुंगाची भिंत.]

लंडनमध्ये वर्तमानपत्रांनी ही कथा उचलली. न्यायालयाने फाशी दिली नाही, उरलेली शिक्षा भोगा म्हणाले. जेम्स बॉसवेल या वकील-लेखकाने खटपट केली आणि मे 1793 मध्ये मेरीला माफी मिळाली. बाकीचे चौघे नोव्हेंबरात सुटले. त्यातला जॉन बुचर तर सैन्यात भरती होऊन पुन्हा त्याच वसाहतीत गेला! बॉसवेलने मेरीला वर्षाला दहा पौंड लावून दिले आणि ऑक्टोबरात तिला फोईकडे जाणाऱ्या जहाजावर बसवून दिलं.

तिने त्याला एक भेट दिली होती : चिमूटभर सुकी पानं. सिडनीच्या रानातल्या एका वेलीची, चहाऐवजी कैदी उकळून पीत ती. होडी, वादळ, बटाव्हिया, तुरुंग, सगळ्यांतून ती पानं तिने जपून आणली. बॉसवेलने ती पुडीत बांधून वर लिहिलं, बॉटनी बेची पानं, चहा म्हणून वापरतात.

[दृश्य : काचेखाली तपकिरी, चुरगळलेली पानं. कॅमेरा स्थिर.]

त्यातली काही आज परत सिडनीत आहेत, तिथल्या स्टेट लायब्ररीत.